शिक्षकचरित्रे आणि त्यागाची स्तोत्रे

आपल्याकडे शाळेच्या मुख्याध्यापकाचे चरित्र लिहावयाचे म्हणजे त्याच्या त्यागाचे स्तोत्र गावयाचे, असा एक संप्रदायच पडून गेला आहे. गावोगावच्या शाळांच्या स्मरणिका व गौरवग्रंथ चाळून पाहावेत. साधी राहणी, तुटपुंजे वेतन, अहोरात्र श्रम आणि विद्यार्थ्यांवरील पुत्रवत् प्रेम यांची वर्णने पानोपानी आढळतात. परंतु त्या गृहस्थाने शाळेतील कोणती अडचण कशी ओळखली आणि कोणत्या युक्तीने सोडविली, हे शंभर पाने वाचूनही हाती लागत नाही. हा दोष केवळ लेखनाचा नसून दृष्टीचा आहे, असे आम्हांस वाटते.

या विधानाची कसोटी म्हणून अनुताई वाघ यांचे जीवन घ्यावे. १९१० साली जन्म, बालविवाह, कोवळ्या वयातच आलेले वैधव्य. पुढे शिक्षिकेची नोकरी. १९४५ मध्ये ताराबाई मोडक यांच्यासमवेत बोर्डीस प्रयाण. नंतर तेव्हाच्या ठाणे व आजच्या पालघर जिल्ह्यातील कोसबाड येथे वारली मुलांची सेवा. १९७३ साली ताराबाई निवर्तल्यावर संस्थेची धुरा. पुढे पद्मश्री. १९९२ मध्ये देहावसान. सांप्रदायिक चरित्रकारास एवढी सामग्री पुष्कळ होते. आमच्या मते खरे चरित्र येथे अद्याप सुरूच झालेले नाही.

ते सुरू होते एका प्रश्नापासून: मुले शाळेत का येत नाहीत? आईबाप अडाणी आहेत, असे म्हणून सुशिक्षित माणूस मोकळा होतो. या दोघींनी तसे केले नाही. थोरल्या मुलीच्या कडेवर धाकटे भावंड आहे आणि मुलाच्या हाती गुरे राखण्याची काठी आहे, हे त्यांनी पाहिले. मूल शाळेत येऊ शकत नसेल तर शाळेनेच मुलाकडे जावे, या विचारातून वस्तीच्या अंगणात अंगणवाडी भरू लागली आणि गुराख्यांसाठी कुरणात कुरणशाळा उभी राहिली. भावंडाला सांभाळणारी मुलगी शिकावी म्हणून पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एकत्र आणण्यात आल्या. माँटेसरी पद्धतीची महागडी साधने खेड्यास परवडणारी नव्हती. त्यांची जागा खडे, बिया, पाने व शिंपले यांनी घेतली. १९७५ साली सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास योजनेच्या केंद्रांस पुढे अंगणवाडी हेच नाव मिळाले.

यावर कोणी म्हणेल, की त्याग नसता तर ही बुद्धी आडरानात राबली कशी असती? आक्षेप रास्त आहे. त्यागावाचून हे कार्य टिकले नसते, हे आम्ही नाकारीत नाही. परंतु नुसता त्याग करणारी माणसे रिकाम्या वर्गात मुलांची वाट पाहत जन्म काढू शकतात. वर्ग भरला तो कारण शोधल्यामुळे. शिवाय त्यागाच्या स्तुतीत एक सोयही दडलेली असते. एखाद्या बाईंस 'त्यागमूर्ती' म्हटले, की त्यांचे अनुकरण आपल्यासारख्या संसारी माणसांच्या आवाक्याबाहेरचे ठरते, आणि हार घालून आपण सुखाने घरी परततो. पद्धतीचे तसे नाही. ती समजली, की ती न आचरण्यास सबब उरत नाही. स्तोत्रे लिहिणे सोपे व पद्धत लिहिणे अवघड जाते, त्याचे एक कारण हेही असावे.

अनुताईंनी 'कोसबाडच्या टेकडीवरून' हे आत्मकथन स्वतः लिहून ठेवले आहे. जिज्ञासूंनी ते मुळातून वाचावे. गावच्या आवडत्या मुख्याध्यापकांवर लिहू इच्छिणाऱ्यांस आमची विनंती एवढीच, की त्यांनी किती सोसले हे सांगण्यापूर्वी त्यांना काय दिसले ते सांगावे. कोणते मूल मागे राहत होते, का राहत होते, आणि त्यासाठी शाळेतील कोणती गोष्ट बदलली, या तीन प्रश्नांची उत्तरे ज्या चरित्रात नाहीत, ते कितीही भक्तीने लिहिलेले असो, त्यास चरित्र म्हणावयास आम्ही तयार नाही.