दहा हजार तास आणि ढोकीतला डाव

पाच-सात वर्षांनी ऑनलाइन बुद्धिबळाकडे परतलेला माणूस महिन्याभरात एक निकाल लावून मोकळा होतो: "आता डोकं पहिल्यासारखं चालत नाही." मग कुणीतरी त्याला दहा हजार तासांचा नियम ऐकवतं. तास भरत राहा, येईल आपोआप. हा नियम घराघरांत नेला माल्कम ग्लॅडवेल यांच्या 'आउटलायर्स' (२००८) या पुस्तकाने. पुस्तक रंजक आहे, पण बुद्धिबळाला हा नियम लावून बघितला तर तो टिकत नाही.

आकडा आला कुठून? अँडर्स एरिक्सन आणि सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये बर्लिनच्या व्हायोलिन विद्यार्थ्यांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. सर्वांत चांगल्या गटाचा विसाव्या वर्षापर्यंतचा सराव सरासरी १०,००० तासांच्या आसपास होता. सरासरी म्हणजे कुणाचे तास जास्त, कुणाचे कमी. ग्लॅडवेलनी त्या सरासरीचा उंबरठा करून टाकला. यावर खुद्द एरिक्सन यांनीच 'पीक' (२०१६) या पुस्तकात आक्षेप घेतला आहे.

आता बुद्धिबळाकडे येऊ. गोबे आणि कँपिटेली यांनी २००७ मध्ये अर्जेंटिनातल्या १०४ खेळाडूंचा अभ्यास मांडला. मास्टर व्हायला सरासरी सुमारे ११,००० तास. म्हणजे नियम बरोबरच की! पण थांबा. एकाला ३,०१६ तास पुरले आणि दुसऱ्याला २३,६०८ लागले. जवळजवळ आठपट फरक. अशा वेळी एकच आकडा सगळ्यांच्या हातात देणं म्हणजे मागे पडलेल्याला उगाच आळशी ठरवणं.

शिवाय त्या तासांत काय केलं, हा प्रश्न उरतोच. चार्नेस आणि सहकाऱ्यांच्या २००५ च्या अभ्यासात खेळाडूच्या ताकदीशी सर्वांत घट्ट नातं दिसलं ते एकट्याने बसून केलेल्या गंभीर अभ्यासाचं. नुसते डाव खेळण्याचं नातं त्यापेक्षा सैल होतं. रात्री लागोपाठ वीस ब्लिट्झ खेळले तर तास भरतात, पण चुका त्याच राहतात.

परतणाऱ्याला घाबरवणाऱ्या रेटिंगचंही तसंच. लिचेसवर ग्लिको-२ ही पद्धत वापरतात. तुम्ही बरेच दिवस खेळला नाहीत, की तिच्या हिशोबात तुमच्याबद्दलची अनिश्चितता वाढते. म्हणून रेटिंगपुढे प्रश्नचिन्ह दिसतं आणि सुरुवातीचे डाव आकडा जोरात वरखाली करतात. म्हणजे यंत्र म्हणतंय, "मला अजून खात्री नाही." आणि आपण मात्र त्यावरून स्वतःच्या बुद्धीचा निकाल लावतो.

गंमत म्हणजे ग्लॅडवेलचा मूळ मुद्दा तासांपेक्षा संधीचा होता. १९६८ मध्ये आठवीतल्या बिल गेट्सला शाळेतच संगणकाचं टर्मिनल मिळालं, म्हणून त्याचे तास भरले. पुस्तकातला हा भाग जास्त दमदार आहे, आणि नेमका तोच लोक विसरले. ढोकीतल्या मुलाला आज मोबाइलवर जगभरातला प्रतिस्पर्धी मिळतो, ही संधी मोठीच. पण हरलेल्या डावावर अर्धा तास सोबत बसून "इथे हा घोडा का हलवलास?" असं विचारणारं माणूस फोनमधून मिळत नाही. इंजिन चूक दाखवतं, पण आपण तसा विचार का केला ते त्याला ठाऊक नसतं.

तेव्हा परतला असाल तर तास मोजू नका. दिवसाला एकच सावकाश डाव खेळा. हरलात तर इंजिन लावण्याआधी कुठे घसरलो ते दोन ओळींत लिहा, मग पडताळा. गावात बुद्धिबळ जाणणारं कुणी असेल तर आठवड्याला एक डाव त्याच्यासमोर मांडा. एवढं दोन-तीन महिने केल्याशिवाय "डोकं चालत नाही" हे वाक्य तोंडून काढू नका. त्याला अजून पुरावा नाही.