दियाबलाचे रूपांतर : पुराणापासून संगणकीय खेळापर्यंत

रूपांतराचा विचार करताना आपली समीक्षा प्रामुख्याने कादंबरीचे नाटक किंवा नाटकाचा चित्रपट यांपाशी थांबते. संगणकीय खेळ हा या विचारात अजून प्रवेश न मिळालेला प्रकार आहे. लिंडा हचन यांनी २००६ साली प्रसिद्ध झालेल्या रूपांतरविषयक ग्रंथात सांगणे, दाखवणे आणि सहभागी करून घेणे अशा तीन रीती वेगळ्या केल्या, तेव्हा तिसऱ्या रीतीत त्यांनी खेळांनाही स्थान दिले. एखादी मिथ्यकथा या तिसऱ्या रीतीत आली की तिच्या आशयाचे काय होते, हा प्रस्तुत लेखाचा प्रश्न आहे. उदाहरण म्हणून ‘डायब्लो’ या खेळातील दैत्याची आकृती घेतली आहे.

हे नाव आपल्याला वाटते तितके परके नाही. ‘डायब्लो’ हा स्पॅनिश शब्द ज्या ग्रीक ‘दियाबोलोस’पासून आला, त्यातूनच मराठी बायबलमधील ‘दियाबल’ हा शब्दही आला आहे. मूळ अर्थ आळ घेणारा, चहाडखोर. ‘सैतान’ या हिब्रू शब्दाचा मूळ अर्थही विरोधक, फिर्यादी असाच आहे. म्हणजे अब्राहमी परंपरेतील ही आकृती मुळात वाणीशी जोडलेली आहे. तिचे शस्त्र दात किंवा नखे नसून शब्द आहे. ती फूस लावते, आरोप करते, पटवून देते. पुढील विवेचनात हे ध्यानात ठेवणे आवश्यक आहे.

मराठी काव्यात ही आकृती प्रथम ठसठशीतपणे आली ती फादर थॉमस स्टीफन्स यांच्या ‘क्रिस्तपुराणा’त. रायतूर येथे १६१६ साली रोमन लिपीत छापलेल्या या सुमारे अकरा हजार ओव्यांच्या ग्रंथातील ‘पहिल्या पुराणा’च्या आरंभभागात देवदूतांच्या पतनाची कथा येते. मिल्टनचे महाकाव्य १६६७चे. म्हणजे गर्विष्ठ देवदूताचे पतन ओवीत अर्धशतक आधी उतरले होते. मात्र स्टीफन्सपुढील अडचण मिल्टनपुढे नव्हती. त्यांनी स्वर्गासाठी ‘वैकुंठ’ हा शब्द योजला, आणि वैकुंठातून झालेल्या पतनाची एक कथा मराठी श्रोत्याला आधीच ठाऊक होती : जय-विजयांची. सनकादिकांच्या शापाने खाली आलेले हे द्वारपाल हिरण्याक्ष-हिरण्यकशिपू, रावण-कुंभकर्ण आणि शिशुपाल-दंतवक्त्र असे तीन जन्म वैरभावाने घेतात आणि देवाच्याच हातून मरून मूळ पदी परततात. त्या व्यवस्थेत वैर हीदेखील भक्तीची एक वाट आहे. लुसिफराला मात्र परतीची वाट नाही. पुराणाची भाषा घ्यायची आणि त्या भाषेत अंगभूत असलेली मुक्तीची शक्यता मात्र नाकारायची, असा हा पेच होता.

याच प्रक्रियेची दुसरी बाजू ‘देवचार’ या शब्दात दिसते. गोव्याच्या हिंदू लोकश्रद्धेत देवचार हा गावाचा राखणदार आहे. ख्रिस्ती कोकणीत मात्र तोच शब्द सैतानाचा वाचक झाला. एका व्यवस्थेतील रक्षक दुसऱ्या व्यवस्थेत शत्रू ठरला. हे भाषांतर खरे तर सत्तांतर आहे.

‘डायब्लो’ मालिकेने अशा अनेक सत्तांतरांचे अवशेष एका कुटुंबात गोळा केले आहेत. ब्लिझर्ड या अमेरिकन कंपनीचा हा खेळ १९९६-९७च्या संधीवर प्रसिद्ध झाला. दुसरा भाग २०००मध्ये, त्याची पुरवणी २००१मध्ये, तिसरा भाग २०१२मध्ये आणि चौथा २०२३मध्ये आला. त्यात डायब्लो, मेफिस्टो आणि बाल हे अनुक्रमे भय, द्वेष आणि विनाश यांचे अधिपती सख्खे भाऊ आहेत. वास्तविक या तिघांची कुळे भिन्न. पहिला ग्रीक बायबलातील आरोपकर्ता. दुसरा बायबलात नाहीच. तो सोळाव्या शतकातील जर्मन फाउस्टकथेतून गटेच्या नाटकाद्वारे जगभर पोहोचला. तिसरा कनानी लोकांचा देव, ज्याच्या नावाचा अर्थच ‘स्वामी’ असा आहे आणि ज्याला हिब्रू बायबलने खोटा देव ठरवले. बालची कथा आणि देवचाराची कथा एकाच साच्यातली आहे. खेळ या भिन्न स्तरांमधील इतिहास पुसून त्यांना एका वंशावळीत बसवतो. मौखिक परंपराही असेच करते, म्हणून यात आक्षेपार्ह काही नाही. परंतु अभ्यासकाने पुसलेला इतिहास पुन्हा वाचला पाहिजे.

याहून महत्त्वाचा बदल रचनेच्या पातळीवर होतो. पहिल्या खेळात खेळाडू ट्रिस्ट्रम गावातील चर्चखालच्या सोळा तळांमधून उतरत जातो. शेवटचे चार तळ नरकाचे. या तळांची मांडणी दर खेपेस संगणक नव्याने करतो, त्यामुळे एकच संहिता दोनदा वाचता येत नाही. एस्पेन आर्सेथ यांनी १९९७ साली ज्या साहित्याला वाचकाच्या श्रमाने घडणारे साहित्य मानले, त्याचे हे चांगले उदाहरण ठरेल. पण या रचनेत दियाबलाची वाणी जवळजवळ लोप पावते. फूस लावणारा आता झुंजणारा होतो. त्याच्या शक्तीचे मोजमाप आकड्यांत होते आणि आकडा शून्यावर आला की तो मरतो. दुसऱ्या भागात तर खेळाडू उत्तम शस्त्रे मिळावीत म्हणून मेफिस्टोला पुन्हा पुन्हा मारत राहतात. द्वेषाचा अधिपती हे दर हंगामाला कापायचे पीक बनते.

येथे रसव्यवस्थेचा प्रश्न उभा राहतो. भयाचा अधिपती समोर असताना भयानक रस निर्माण होतो काय? अभिनवगुप्तांनी सांगितलेल्या रसविघ्नांत, अनुभव ‘माझा’ किंवा ‘त्याचा’ म्हणून बांधला जाणे हे एक प्रमुख विघ्न आहे. आमच्या झाडीपट्टीत दिवाळीनंतरच्या मंडईच्या दिवसांत नाटक पाहणारा प्रेक्षक खलपुरुषावर चिडतो; पण त्याच्या हाती शस्त्र नसते, आणि त्या असहायतेतच त्याच्या चिडीचे साधारणीकरण होते. खेळाडूच्या हाती शस्त्र असते. त्याचे भय हे स्वतःच्या पराभवाचे भय आहे. ते लौकिक आहे, म्हणून रसपदवीला पोहोचत नाही. असा निष्कर्ष काढून विषय मिटवता आला असता.

परंतु पहिल्या खेळाचा शेवट या निष्कर्षाला छेद देतो. डायब्लो कोसळल्यावर खेळाडूच्या हातून नियंत्रण काढून घेतले जाते आणि त्याला केवळ पाहत राहावे लागते. दैत्याचा देह विरघळतो आणि तेथे उरते ते राजपुत्र आल्ब्रेख्ट या बालकाचे प्रेत. दैत्याने त्याच्याच शरीरात वास केला होता. त्यानंतर विजयी वीर दैत्याला बंदिस्त ठेवण्यासाठी त्याच्या आत्म्याचा मणी स्वतःच्या कपाळात रुतवून घेतो. दुसऱ्या भागात हाच वीर डायब्लोचे नवे शरीर झालेला असतो.

या क्षणी दोन गोष्टी घडतात. शस्त्र हातून गेल्यामुळे खेळाडू पुन्हा सहृदय होतो आणि भयाच्या जागी करुण उभा राहतो. तोही सहजासहजी मिळणारा करुण नव्हे, कारण तो घाव आपणच घातलेला असतो. दुसरे असे की, लोपलेली फूस परत येते. वीराला पाडते ते त्याचे सामर्थ्य नव्हे, तर ‘मी हे पेलू शकेन’ हा विश्वास. लुसिफराच्या पतनाचे कारणही गर्वच होते. बाह्य राक्षस मारण्याचा आनंद देता देता खेळ अंतर्यामीच्या दियाबलाकडे वळतो. व्यापारी गरजही येथे नाकारता येत नाही. पुढचा भाग काढायचा तर दैत्य परतलाच पाहिजे. तथापि परतीची ही रीत निवडताना, कळत-नकळत, अब्राहमी आशयाचा गाभा राखला गेला आहे. जय-विजय वैरातून वर जातात. येथे वीर विजयातून खाली जातो.

तेव्हा रूपांतराची कसोटी मूळ पात्राची नावे व शिंगे किती राखली ही नसून, त्याचा स्वभाव नव्या माध्यमाच्या कोणत्या सांध्यात जिवंत राहिला, ही असावी. गोंदियासारख्या जिल्ह्यात एम.ए.ला येणारा विद्यार्थी मेफिस्टोला गटेच्या आधी मोबाइलच्या पडद्यावर भेटलेला असणे आता अशक्य नाही. त्या भेटीची टवाळी करून आपण त्याला ‘क्रिस्तपुराणा’कडे आणू शकणार नाही. ‘दियाबल’ आणि ‘देवचार’ या दोन शब्दांचा प्रवास त्याच्यासमोर मांडला, तर शत्रू कोण ठरवतो आणि कोणत्या भाषेत ठरवतो, हा प्रश्न तो स्वतःच विचारू लागेल. समीक्षेच्या वर्गाने याहून अधिक काय साधायचे असते?