सादृश्य आणि नाते : अपृष्ठवंशीयांचे आरएनए-विषाणू

माङ शी, एडवर्ड होम्स प्रभृतींचा २०१६ साली ‘नेचर’मध्ये आलेला निबंध विषाणुवर्गीकरणाच्या इतिहासात महत्त्वाचा मानला पाहिजे. नऊ संघांतील २२० हून अधिक अपृष्ठवंशीय जाती तपासून त्यांनी १,४४५ आरएनए-विषाणू नोंदविले. हे विषाणू प्रयोगशाळेत वाढविलेले नव्हेत. त्यांच्या आरएनएचा अनुक्रम तेवढा वाचलेला आहे.

त्यांतील ‘हुबेई पिकॉर्ना-सदृश विषाणू १’ यासारखी नामे विचारात घ्यावीत. त्यांत स्थळ सांगितले आहे, सादृश्य सांगितले आहे. नाते सांगितलेले नाही. भाषाभ्यासकास हा भेद परिचित आहे. ‘आम्ही’ व ‘आपण’ हा भेद मराठीत आहे, तसा तेलुगूतही आहे. परंतु तेवढ्यावरून कोणी मराठीस द्राविडी म्हणत नाही.

विषाणूंच्या बाबतीतही सादृश्य फसवे ठरलेले आहे. ऑस्ट्रेलियात १९७० साली वर्णिलेला रातकिड्यांच्या पक्षाघाताचा विषाणू प्रथिनकवचावरून पिकॉर्ना-गटातला वाटे. पुढे त्याचा जनुकसंच वाचला गेला, तेव्हा त्यात प्रथिनांचे दोन स्वतंत्र खंड आढळले. कवचाचा खंड शेवटी आहे, आणि त्याचे वाचन नेहमीच्या मेथिओनीनने सुरू न होता अ‍ॅलानीनने होते. ‘डायसिस्ट्रो’ हे कुलनाम या दोन खंडांवरूनच पडले. उलट ‘इफ्ला’ हे कुलनाम रेशीमकिड्यांच्या फ्लाशरी रोगावरून आले. त्या कुलात खंड एकच असून, पिकॉर्नाप्रमाणेच, कवच आरंभी असते. तथापि ही तिन्ही कुले आज पिकॉर्नाव्हायरालीस या एकाच गणात आहेत. म्हणजे खंडांची मांडणीही नात्याची निर्णायक खूण नव्हे.

मग खूण कोणती? आरएनएवरून आरएनए घडविणारे विकर, हे आजचे उत्तर. बहुतेक सर्व आरएनए-विषाणूंत ते आढळते. त्याची तुलना भाषेतील मूलभूत शब्दसंग्रहाशी करता येईल. निवड योग्यच आहे. आक्षेप आहे तो तिच्यावरून काढल्या जाणाऱ्या निष्कर्षावर. विषाणूंत जनुकांची देवघेव व पुनर्रचना वारंवार घडते, हे उपर्युक्त निबंधच सांगतो. तेव्हा विकराची वंशावळ ती विकराचीच होय. कवचाची वंशावळ निराळी असू शकते. आंतरराष्ट्रीय समितीने उभारलेली वरिष्ठ श्रेणींची उतरंड प्रामुख्याने या एका विकरावर उभी आहे, हे अभ्यासकाने विसरता कामा नये.

समितीने २०२१ साली जातींसाठी द्विपदी नामे स्वीकारली. मधमाश्यांच्या विकृतपंख विषाणूचे जातिनाम आता ‘इफ्लाव्हायरस अलाडिफॉर्मिस’ असे आहे. पहिले पद नाते सांगते, ही प्रगतीच होय. दुसरे पद मात्र जुने लक्षणच लॅटिन वेषात मिरविते. वस्तुतः बाधित मधमाश्यांपैकी अनेकींचे पंख धडधाकट असतात.

नाम ही सोय आहे, पुरावा नव्हे. किड्याच्या शरीरात सापडलेला अनुक्रम त्याने खाल्लेल्या अन्नातलाही असू शकतो. म्हणून विकराचे नाते, जनुकसंचाची मांडणी आणि यजमान या तीन नोंदी वर्गीकरणाने पृथक् ठेवाव्यात. एकीवरून दुसरी गृहीत धरली की वर्गीकरण संपते व तर्क सुरू होतो.