‘युद्ध झालं की सरकारवरचा विश्वास वाढतो’ : हे गृहीतक वरूडला लावण्याआधी

पेट झाली, गाइड मिळाले, आता सिनॉप्सिस लिहायचा आहे. राज्यशास्त्र किंवा समाजशास्त्र घेतलेल्या आपल्या भागातल्या मुलामुलींकडून मे २०२५ नंतर एक विषय फार ऐकायला मिळतो : ‘भारत-पाकिस्तान संघर्ष आणि जनमत : वरूड तालुक्याच्या विशेष संदर्भात’. वरूडच्या जागी अचलपूर टाका, अकोट टाका, आराखडा तोच राहतो. गृहीतक असतं, ‘युद्धजन्य परिस्थितीत जनतेचा सरकारवरील विश्वास वाढतो.’ साधन प्रश्नावली, नमुना ३०० जणांचा, आणि मधोमध एक प्रश्न : ‘तुमचा सरकारवर विश्वास आहे का? पूर्णपणे / काही प्रमाणात / नाही.’

विषय चांगला आहे, करायलाच हवा. माझा आक्षेप त्या गृहीतकाच्या घाईवर आणि त्या एका प्रश्नावर आहे. तोच इथे सविस्तर मांडते.

गृहीतक आलं कुठून?

जॉन म्युलर या अमेरिकी राज्यशास्त्रज्ञाने १९७० मध्ये ट्रुमन ते जॉन्सन या राष्ट्राध्यक्षांच्या लोकप्रियतेवर एक लेख लिहिला. ‘रॅली राउंड द फ्लॅग’, म्हणजे संकट आलं की लोक झेंड्याभोवती गोळा होतात, ही कल्पना संशोधनात रुळली ती त्या लेखामुळे. त्याने अटी घातल्या होत्या : घटना आंतरराष्ट्रीय हवी, तिच्यात देश आणि राष्ट्राध्यक्ष थेट गुंतलेले हवेत, आणि ती अचानक, ठळक, नाट्यमय हवी. आपण इथवर वाचतो आणि पुस्तक मिटतो. पण त्याच्या मांडणीत ही वाढ तात्पुरती आहे, काळ जातो तशी ती विरते. कोरिया आणि व्हिएतनामच्या युद्धांबद्दल तर त्याने दाखवलं की सैनिकांच्या मृत्यूंचा आकडा वाढत गेला तसा युद्धाला असलेला पाठिंबा घटत गेला, सुरुवातीला झपाट्याने आणि नंतर सावकाश. म्हणजे ‘वाढतो’ हा या सिद्धांताचा अर्धाच भाग आहे.

दुसरं नाव रिचर्ड ब्रॉडी. त्याने १९९१ च्या पुस्तकात विचारलं, लोक खरंच झेंड्याकडे बघून गोळा होतात, की विरोधी नेते त्या काळात टीका थांबवतात म्हणून? टीका ऐकूच आली नाही तर लोकांनाही सगळं बरोबर चाललंय असं वाटतं. आता आपल्याकडचं बघा. २२ एप्रिल २०२५ ला पहलगामचा हल्ला झाला, २६ माणसं गेली. २४ एप्रिलच्या सर्वपक्षीय बैठकीत विरोधकांनी सरकारला पाठिंबा दिला. ७ मे रोजी ऑपरेशन सिंदूर सुरू झालं, १० मे रोजी शस्त्रसंधी झाली, आणि नंतर परदेशात जी सात सर्वपक्षीय शिष्टमंडळं गेली त्यांतल्या एकाचं नेतृत्व श्रीकांत शिंदे यांच्याकडे होतं, तर एकाचं विरोधी बाकावरच्या सुप्रिया सुळे यांच्याकडे. समजा, वरूडमध्ये त्या महिन्यात सरकारवरचा विश्वास वाढला. तो युद्धामुळे वाढला की विरोधकांनी हात आखडता घेतल्यामुळे? एकदाच भरून घेतलेली प्रश्नावली हे सांगू शकत नाही.

शिवाय ‘युद्धापूर्वी’ आणि ‘युद्धानंतर’ हे कप्पे तुम्ही पाडणार कसे? १२ मे २०२५ च्या भाषणात पंतप्रधानांनी कारवाई फक्त स्थगित केल्याचं सांगितलं. संपलेलीच नसेल तर ‘नंतर’ कुठून मोजायचं? आणि ‘आधी’चं मोजमाप तुमच्याकडे नाहीच. मग प्रश्नावलीत येतं, ‘युद्धापूर्वी तुमचा विश्वास किती होता?’ या प्रश्नाचं उत्तर माणूस आजच्या मनःस्थितीतून देतो. आज खूश असेल तर आधीही खूश होतो म्हणतो. हे मोजमाप धरू नका.

१९६२ विसरू नका

युद्ध आणि विश्वास यांचं नातं एका दिशेचं नाही याचा पुरावा महाराष्ट्राच्या इतिहासातच आहे. १९६२ च्या चीन युद्धात लोकांनी संरक्षण निधीला दागिने दिले. त्याच युद्धात संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांना जावं लागलं आणि यशवंतराव चव्हाण दिल्लीला गेले. हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावून गेला, हे आपण शाळेपासून ऐकतो. पुढे १९६३ च्या पोटनिवडणुकांत कृपलानी, लोहिया आणि मिनू मसानी हे नेहरूंचे तीन कडवे टीकाकार निवडून आले, आणि ऑगस्टमध्ये नेहरूंविरुद्ध पहिला अविश्वास ठराव आला. तो फेटाळला गेला, पण आला. एकाच युद्धात देशप्रेम वाढलं, एका नेत्यावरचा विश्वास कोसळला, दुसऱ्याचा वधारला आणि पंतप्रधानांचा हळूहळू घसरला. तुमच्या ‘सरकारवर विश्वास आहे का’ या एका खान्यात यातलं काय मावतं?

कोणतं सरकार?

माझ्या मते हा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आहे आणि तो सगळ्यात कमी विचारला जातो.

कारगिलचं युद्ध मे ते जुलै १९९९ मध्ये झालं. सप्टेंबरमध्ये महाराष्ट्रात लोकसभा आणि विधानसभेचं मतदान एकत्रच झालं. मतदार तेच, केंद्र तेच, दिवसही तोच. लोकसभेत शिवसेना-भाजपला ४८ पैकी २८ जागा मिळाल्या, म्हणजे साधारण ५८ टक्के. विधानसभेत २८८ पैकी १२५, म्हणजे साधारण ४३ टक्के, आणि राज्यातली सत्ता गेली. काँग्रेस आणि राष्ट्रवादी दोन्हीकडे वेगवेगळे लढले होते, त्यामुळे मतविभागणीचं कारण पुढे करून हा फरक पूर्ण समजत नाही. उमेदवार, मतदारसंघांचा आकार, राज्य सरकारवरची नाराजी ही कारणं तपासावीच लागतील. आणि आपल्या वऱ्हाडात? अकोल्याने कारगिलनंतरच्या त्याच निवडणुकीत प्रकाश आंबेडकरांना लोकसभेत पाठवलं.

आता थेट वरूड. वरूड मोर्शी विधानसभा मतदारसंघात येतं आणि मोर्शी लोकसभेसाठी अमरावतीत नाही, वर्ध्यात मोडतं. हे आधीच लिहून ठेवा, कारण ‘अमरावती जिल्हा’ म्हणून अमरावती लोकसभेचे आकडे वरूडला चिकटवणं ही नेहमीची चूक आहे. १४ फेब्रुवारी २०१९ ला पुलवामा, २६ फेब्रुवारीला बालाकोट, ११ एप्रिलला वर्ध्याचं मतदान. भाजपचे रामदास तडस निवडून आले. जूनमध्ये मोर्शीचे आमदार अनिल बोंडे राज्याचे कृषिमंत्री झाले. ऑगस्टमध्ये कलम ३७० ची तरतूद हटली, पुन्हा राष्ट्रीय विषय ऐरणीवर. आणि ऑक्टोबरमध्ये मोर्शीच्या मतदारांनी याच कृषिमंत्र्यांना हरवून शेतकरी चळवळीतल्या, स्वाभिमानीच्या देवेंद्र भुयार यांना निवडून दिलं. त्या उन्हाळ्यात वरूड-मोर्शीत पाण्यावाचून संत्र्याची झाडं वाळली होती.

यावरून ‘वरूडवर बालाकोटचा परिणाम झाला नाही’ असा निष्कर्ष काढाल तर तोही चुकेल. मतदारसंघाच्या निकालावरून एकेका माणसाच्या मनाबद्दल बोलणं याला इकॉलॉजिकल फॅलसी म्हणतात. एप्रिलमध्ये तडस यांना आणि ऑक्टोबरमध्ये भुयार यांना मत देणारी माणसं तीच होती, हे निकाल सांगत नाही. पण निकाल इतकं नक्की सांगतो की ‘सरकार’ हा शब्द तुम्हाला फोडावा लागेल : पंतप्रधान, केंद्र, राज्य, आमदार, सैन्य, कृषी खातं. निवडणूक आयोगाच्या फॉर्म २० मध्ये केंद्रनिहाय मतं मिळतात. वरूड तालुक्यातली केंद्रं वेगळी काढून एप्रिल आणि ऑक्टोबरची तुलना करा. गाइडला दाखवण्यासारखं पहिलं प्रकरण तिथेच तयार होतं.

विश्वास म्हणजे काय?

प्रश्नावलीतला ‘विश्वास’ पुस्तकी आहे. गावात माणूस ‘भरोसा’ म्हणतो, आणि भरोसा हा नेहमी कशाचा तरी असतो. समजा, उत्तर आलं, “फौजेवर भरोसा हाये ना भाऊ. सरकारचं इचारता, त मंग संत्र्याचा भाव सांगा.” हे तुम्ही कोणत्या खान्यात टाकणार? ‘काही प्रमाणात’? त्या माणसाने काही प्रमाणातलं उत्तर दिलेलंच नाही. त्याने दोन पूर्ण उत्तरं दिली आहेत.

सैन्य आणि सरकार वेगळे मोजले की काय दिसतं, ते युक्रेनमध्ये बघा. तिथे युद्ध चालू असताना कीवमधली एक समाजशास्त्र संस्था सतत फोनवरून सर्वेक्षणं घेते आहे. झेलेन्स्की यांच्यावरचा विश्वास मे २०२२ मध्ये ९० टक्के होता, फेब्रुवारी २०२४ मध्ये ६४ झाला, डिसेंबर २०२४ मध्ये ५२. मात्र २०२३ च्या अखेरीस सैन्यावरचा विश्वास ९६ टक्के होता आणि संसदेवरचा १५. देश एक, युद्ध एक, महिना एक. ‘सरकारवर विश्वास’ असा एकच आकडा काढला असता तर हे सगळं त्याच्या पोटात लपलं असतं. आणि हा उतार दिसला तो एकच संस्था पुन्हा पुन्हा विचारत राहिली म्हणून. तुम्हाला तीन वर्षं मिळणार आहेत, निदान तीन फेऱ्या तरी घ्या.

वरूडच्या बाबतीत आणखी एक धागा आहे. परराष्ट्र धोरण म्हणजे दिल्लीतली गोष्ट, असं इथे म्हणता येत नाही. आपला संत्रा बांगलादेशात जातो. तिथलं आयात शुल्क २०१९ मध्ये किलोमागे २० टका होतं, ते २०२३ पर्यंत ८८ टका झालं, आणि त्याची झळ बागेतल्या सौद्यापर्यंत पोहोचली. त्यामुळे शेजारी देशांशी सरकार कसं वागतं याचा विचार इथला शेतकरी झेंड्याच्या भाषेत करतो तसा भावाच्या भाषेतही करतो. तुमच्या प्रश्नावलीत दुसऱ्या भाषेसाठी जागा आहे का?

खरं उत्तर कोण देईल?

मे २०२५ मध्ये ऑपरेशन सिंदूरबद्दलच्या एका पोस्टवरून पुण्यातल्या १९ वर्षांच्या विद्यार्थिनीला अटक झाली. मुंबई उच्च न्यायालयाने राज्याला आणि कॉलेजला खडसावून तिला जामीन दिला. ही बातमी वरूडच्या कॉलेजातल्या मुलीनेही वाचली आहे. तिच्यासमोर तुम्ही प्रश्नावली घेऊन बसता, वर नाव, गाव, मोबाइल नंबर लिहून घेता आणि विचारता, ‘सरकारची कारवाई योग्य होती का?’ ती काय सांगेल?

हा प्रश्न रशियात संशोधकांनी हाताळला. २०२२ मध्ये थेट विचारलं तेव्हा ६८ टक्के लोकांनी युक्रेनमधल्या युद्धाला पाठिंबा सांगितला. यादी-प्रयोगाने विचारलं तेव्हा अंदाज ५३ टक्क्यांवर आला. यादी-प्रयोग सोपा आहे. एका गटाला तीन साधी विधानं देता आणि ‘यांतली किती पटतात, फक्त आकडा सांगा’ म्हणता. दुसऱ्या गटाला तीच तीन आणि चौथं नाजूक विधान देता. दोन गटांच्या सरासरीतला फरक म्हणजे नाजूक विधान पटणाऱ्यांचं प्रमाण. कोणाला काय पटलं हे तुम्हालाही कळत नाही, म्हणून माणूस मोकळा राहतो.

हे वाचून लगेच सिनॉप्सिसमध्ये टाकू नका. ३०० चा नमुना म्हणजे दीडशे-दीडशेचे दोन गट. उत्तरांचं प्रमाण विचलन १ धरलं तर फरकाची प्रमाण त्रुटी साधारण ०.११५ येते, म्हणजे ९५ टक्के खात्रीने तुमचा आकडा २३ टक्के इकडे-तिकडे. रशियातला १५ टक्क्यांचा फरक त्यात बुडून जाईल. प्रत्येक गटात हजार माणसं घेतली तरी चूक ९ टक्क्यांच्या आसपास राहते. शिवाय २०१७ मध्ये पुतिन यांची लोकप्रियता याच पद्धतीने मोजणाऱ्या संशोधकांनी २०२३ मध्ये स्वतःच इशारा दिला की यादी लांबली की आकडा कृत्रिमरीत्या खाली येऊ शकतो.

मग एकट्या विद्यार्थ्याने काय करायचं? साधं करा. नाव आणि नंबर घेऊ नका. गावाच्या नावाऐवजी सांकेतिक क्रमांक टाका. राजकीय प्रश्नाचा कागद उत्तरदात्याने स्वतः भरून बंद पेटीत टाकावा, ज्यांना लिहिता येत नाही त्यांच्यासाठी रंगीत चिठ्ठ्या ठेवा. ‘सांगायचं नाही’ हा पर्याय छापा आणि किती जणांनी तो निवडला ते प्रबंधात लिहा. तो आकडा वाढलेला असेल तर तोही निष्कर्ष आहे. आणि बाईला तिच्या नवऱ्यासमोर, मजुराला बागायतदारासमोर हे प्रश्न विचारू नका. अंबिया बहाराच्या तोडणीत दिवसभर बागेत असणारी माणसं संध्याकाळी उशिरा भेटतात. दुपारी गेलात तर पारावरचे पुरुषच तुमचा ‘वरूड तालुका’ होतील.

गृहीतक नव्याने लिहायचं तर मी असं लिहीन : ‘संघर्षाच्या काळात वरूड तालुक्यातील मतदार सैन्य, केंद्र सरकार, राज्य सरकार व स्थानिक प्रतिनिधी यांच्यावरील भरोशात फरक करतात, आणि शेतमालाच्या भावाच्या अनुभवानुसार हा फरक बदलतो.’ हे खोटं ठरू शकतं, म्हणून ते तपासण्यासारखं आहे. आधीचं गृहीतक टीव्हीवर रोज खरं ठरतं, त्यासाठी कुणाला पीएचडी करावी लागत नाही.

तुमच्या प्रश्नावलीत ‘सरकार’ हा शब्द किती वेळा आला आहे ते आज मोजा. प्रत्येक ठिकाणी समासात लिहा, कोणतं सरकार आणि कशाचा भरोसा. जिथे लिहिता येणार नाही, तो प्रश्न काढून टाका.