दुर्बिणीची शस्त्रक्रिया आणि पुराव्याची कसोटी

गर्भाशयमुखाच्या कर्करोगावर पोट न उघडता दुर्बिणीच्या साहाय्याने शस्त्रक्रिया करण्याच्या ‘पुणे तंत्रा’चा वृत्तांत डॉ. शैलेश पुणतांबेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ साली प्रसिद्ध केला. तो २४८ रुग्णांच्या अनुभवावर आधारलेला होता. इतकी अवघड शस्त्रक्रिया दुर्बिणीतून करता येते, हे त्याने दाखविले. हे श्रेय निर्विवाद आहे. तथापि ‘करता येते’ आणि ‘करणे हितावह आहे’ ही दोन भिन्न विधाने होत. पहिल्यास कुशल हातांचा अनुभव पुरतो. दुसऱ्यास तुलना लागते. एकाच पद्धतीने उपचार झालेल्या रुग्णांच्या मालिकेत ही तुलना नसते. त्यामुळे चांगल्या फलाचे श्रेय तंत्राला द्यावे, हाताला द्यावे की रुग्णांच्या निवडीला, याचा निर्णय तिच्यावरून होऊ शकत नाही.

ही तुलना करणारे आंतरराष्ट्रीय परीक्षण २००८ साली सुरू झाले व त्याचे निष्कर्ष पेड्रो रामिरेझ आणि सहकाऱ्यांनी २०१८ साली मांडले. तेहतीस केंद्रांतील ६३१ स्त्रियांची विभागणी, चिठ्ठ्या टाकाव्यात त्याप्रमाणे, निव्वळ यदृच्छेने केली होती. नवी पद्धत सरस आहे असे नव्हे, तर ती फारशी उणी नाही, एवढेच दाखवावयाचे होते. आणि उणेपणाची मर्यादा ७.२ टक्के अशी आधीच ठरली होती. प्रत्यक्षात साडेचार वर्षांअखेर रोगमुक्त राहण्याचे प्रमाण पोट उघडलेल्या गटात ९६.५ टक्के, तर दुर्बिणीच्या गटात ८६ टक्के आढळले. नियोजित ७४० रुग्णसंख्या पुरी होण्यापूर्वीच भरती थांबवावी लागली.

या परीक्षणातील शल्यविशारद पुरेसे निष्णात नव्हते, असा आक्षेप घेतला जातो. दुर्बिणीच्या दहा शस्त्रक्रियांची माहिती आणि दोन असंपादित चित्रफिती सादर करण्याची अट होती. ती अपुरी होती, असे म्हणता येईल. परंतु मोजक्याच हातांत सुरक्षित असणारे तंत्र सर्वत्र रूढ करणे धोक्याचे, हाच निष्कर्ष त्या आक्षेपातूनही निघतो. खरी उणीव निराळी आहे. गर्भाशय हलविण्याचे उपकरण, पोटात भरलेला कार्बन डायऑक्साइड, की अर्बुद उघडे पडेल असा योनिमार्गाचा छेद, यांपैकी दोष कशाचा, हे परीक्षणाच्या रचनेतून उलगडत नाही. ‘दुर्बिणीची पद्धत’ या एका नावाखाली अनेक रीती एकत्र आल्या.

म्हणून सर्वच दुर्बिणी दोषी ठरत नाहीत. मोठ्या आतड्याच्या कर्करोगासंबंधी अमेरिकेत झालेल्या परीक्षणात ८७२ रुग्ण होते. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निष्कर्षांत रोग पुन्हा उद्भवण्याचे प्रमाण दोन्ही गटांत जवळजवळ सारखेच आढळले. तात्पर्य, एका अवयवावरचा पुरावा दुसऱ्यास उसना देता येत नाही.

सर्वांत मोठा प्रश्न मापदंडाचा आहे. रक्तस्राव, वेदना व रुग्णालयातील दिवस ही मापे लवकर हाती येतात आणि म्हणूनच भुरळ घालतात. आंबेगाव तालुक्यातील शिनोलीसारख्या गावच्या शेतकरी स्त्रीला लवकर घरी परतणे मोलाचे वाटेल, यात नवल नाही. परंतु कर्करोग परततो तो पुढील वर्षांत. वरील परीक्षणात जीवनमानाची जी पाहणी झाली, तिच्या २०२० साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत दोन्ही गटांत भेद आढळला नाही. म्हणजे वाढलेल्या जोखमीच्या बदल्यात टिकाऊ असे काही पदरी पडले नाही.

शिवाय घोडेगाव, मंचर असा प्रवास करून पुण्यास वर्षानुवर्षे तपासणीस येणे अशा स्त्रीला परवडेलच असे नाही. ती आली नाही, तर तिची नोंद शेवटच्या तपासणीपाशीच थांबते. आणि न येणाऱ्यांतच रोग परतलेल्या अधिक असल्या, तर तंत्र आहे त्याहून चांगले भासते. यास्तव प्रवासखर्च आणि गावी जाऊन केलेली चौकशी यांची तरतूद परीक्षणाच्या आराखड्यातच असली पाहिजे. ती दयाबुद्धीने दिलेली सवलत नव्हे. निष्कर्षाच्या सत्यतेची ती पूर्वअट होय.