उपमान झालेली व्याधी

एड्सचा उल्लेख 'आधुनिक महारोग' असा करण्याची प्रथा आपल्या परिचयाची आहे. या उपमेचा विचार करताना सुसान सोंटॅग यांच्या 'एड्स अँड इट्स मेटाफर्स' (१९८९) या ग्रंथाचे स्मरण होते. व्याधीवर लादलेल्या रूपकांचे ओझे उतरवावे, हा त्यांचा आग्रह. देहाला विद्रूप करणारे रोगच विशेषेकरून महामारीच्या पदवीला चढतात, हे त्यांचे निरीक्षण मार्मिक आहे. तथापि त्यांच्या विवेचनात कुष्ठरोग येतो तो मुख्यतः भूतकाळातील दाखला म्हणून.

आपल्याकडील स्थिती निराळी आहे. जगात दरवर्षी आढळणाऱ्या नव्या कुष्ठरुग्णांपैकी निम्म्याहून अधिक भारतातील असतात. येथे उपमान इतिहासात नाही; ते उपमेयाशेजारी, रुग्णालयाच्या त्याच बाकावर बसलेले आहे. क्वचित दोन्ही व्याधी एकाच देहात नांदतात.

त्या देहात त्यांचा संबंध कोणता? कुष्ठरोगाचा जंतू क्षयजंतूचा सगोत्र. एचआयव्हीमुळे क्षय बळावतो. तेव्हा कुष्ठरोगही बळावेल व त्याचे तीव्र रूप अधिक दिसेल, अशी अपेक्षा होती. ती खरी ठरली नाही. संबंध प्रत्ययास आला तो अनपेक्षित ठिकाणी. एचआयव्हीवरील औषधांनी प्रतिकारशक्ती सावरू लागली, की ती दडलेल्या कुष्ठजंतूंना ओळखते. मग त्वचेवर चट्टे उमटतात वा जुने चट्टे लाल होऊन सुजतात, मज्जातंतूही सुजतात. अशा रुग्णांची नोंद २००३ पासून होत आली आहे. म्हणजे हा चट्टा सावरणाऱ्या देहाची खूण होय. मात्र त्यावर उपचार त्वरित व्हावे लागतात.

उपमेने आधीच 'महारोगी' ठरविलेल्या रुग्णाला तोच चट्टा शिक्षेवरील शिक्षा वाटला, तर नवल नाही. तो चट्टा लपविला जातो, औषध सुटते, आणि वेळीच टाळता आली असती अशी मज्जातंतूंची हानी कायमची होते. साधारणधर्माविना उपमा संभवत नाही. प्रस्तुत उपमेतील साधारणधर्म या दोन व्याधींत नाही. तो पाहणाऱ्याच्या घृणेत आहे.

दोष 'महारोग' या शब्दाचा आहे, असेही म्हणता येत नाही. मुळात दुर्धर व्याधींचा वर्ग दर्शविणारा हा शब्द मराठीत अर्थसंकोचाने एकाच रोगाचा वाचक झाला. बाबा आमटे यांनी १९४९ साली वरोऱ्यास स्थापिलेल्या 'महारोगी सेवा समिती'च्या नावात तो सेवेशी जोडला गेला आहे. म्हणूनच त्याच्या जागी 'कुष्ठरोग' हा शब्द योजिल्याने उपमेचा दोष जात नाही.

सर्व रूपकांचा त्याग कोणत्याही भाषेला पेलणारा नाही. परंतु जिवंत रुग्णाला घृणेचे माप म्हणून वापरणारे उपमान नाकारणे भाषकाच्या हाती आहे. कुष्ठरोग हा औषधांनी पूर्ण बरा होणारा रोग आहे. ज्याचा रोग औषधाने गेला, त्याला उपमानाच्या आसनावर बसवून ठेवण्याचा अधिकार भाषेला नाही.