‘पृष्ठसक्रियक’ की ‘सरफॅक्टंट’? : एका वैद्यकीय संज्ञेचे परीक्षण

अपुऱ्या दिवसांच्या अर्भकांच्या श्वसनविकारात जे द्रव्य आज फुप्फुसात सोडले जाते, त्यास मराठीत काय म्हणावे हा प्रश्न वरवर पाहता कोशकाराचा आहे. तथापि मिरज, कराड वा सातारा येथील रुग्णालयात ज्या बापाला अपरात्री संमतिपत्रावर सही करावयाची असते, त्याच्या दृष्टीने तो कोशापुरता उरत नाही. म्हणून प्रचलित पर्यायांचे परीक्षण येथे योजिले आहे.

प्रथम वस्तूचे स्वरूप पाहू. वायुकोशांच्या आतील बाजूस पाण्याचा पातळ थर असतो. त्याच्या पृष्ठताणामुळे उच्छ्वासाच्या वेळी हे कोश मिटू पाहतात. पूर्ण दिवसांच्या बालकात मुख्यतः स्निग्ध द्रव्ये व थोडी प्रथिने यांचे एक मिश्रण हा ताण कमी करते. गर्भात ते साधारणतः ३५ व्या आठवड्याच्या सुमारास पुरेसे होते. तत्पूर्वी जन्मलेल्या बालकास प्रत्येक श्वास मिटलेला फुगा पुन्हा फुगवावा तसा घ्यावा लागतो. ते कण्हते, नाकपुड्या फुलतात, छाती आत ओढली जाते.

या रोगाचे जुने इंग्रजी नाव शवविच्छेदनात दिसणाऱ्या काचेसारख्या पडद्यावरून पडले होते. जे दिसत होते त्याला नाव मिळाले. जे नव्हते ते अनाम राहिले. ती उणीवच रोगाचे मूळ आहे, हे १९५९ मध्ये मेरी एलन एव्हरी व जेरे मीड यांनी दाखविले. १९६३ मध्ये राष्ट्राध्यक्ष केनेडी यांचा नवजात पुत्र पॅट्रिक याच रोगाने दोन दिवसांच्या आत दगावला. फुजिवारा व त्यांचे जपानी सहकारी यांनी गाईच्या फुप्फुसापासून सिद्ध केलेले द्रव्य दहा अर्भकांस दिल्याचा वृत्तान्त १९८० मध्ये प्रसिद्ध झाला.

आता संज्ञांकडे वळू. ‘पृष्ठसक्रियक’ व ‘पृष्ठक्रियाकारक’ या रचना व्याकरणदृष्ट्या निर्दोष आहेत. परंतु भौतिकीत ‘पृष्ठताण’ रुळला असला, तरी सामान्य श्रोत्याला ‘पृष्ठ’ म्हणजे पाठ अथवा पुस्तकाचे पान. शिवाय मूळ इंग्रजी शब्दच तीन शब्दांचे तुकडे जोडून १९५० च्या सुमारास बनविलेला आहे. त्या तुकड्यांचे संस्कृतीकरण करण्यात निष्ठा दिसते, अर्थलाभ दिसत नाही.

‘वंगण’ हा शब्द समजावण्यासाठी सोयीचा वाटतो. पण तो घर्षण सुचवितो, आणि येथे घर्षणाचा संबंध नाही. पाण्याचा ताण मोडणाऱ्या द्रव्याचा घरगुती दाखला हवा असेल तर रिठ्याचे पाणी अधिक जवळचे आहे. ‘इंजेक्शन’ तर सरळ चुकीचे. कारण हे औषध नळीवाटे श्वासनलिकेत सोडतात. प्रसूतीपूर्वी मातेला देतात ती स्टेरॉइडची सुई निराळी. दोहोंस एकच शब्द वापरल्याने ‘इंजेक्शन तर आधीच दिले होते’ असा गोंधळ अटळ ठरतो.

लोकभाषेचाही विचार केला पाहिजे. ‘पेटीत ठेवलंय’ याने धीर येतो. ‘मशीनवर ठेवलंय’ याने आशा सुटते. नाकावाटे हवेचा सौम्य दाब देणारे साधन या दुसऱ्या शब्दात कोंबले, की उपचार म्हणजे शेवट असा ग्रह होतो. सातव्या महिन्याचे मूल जगते, आठव्याचे जगत नाही, हा रूढ समजही असाच घातक आहे. गर्भातील प्रत्येक अधिक आठवडा सामान्यतः फुप्फुसाच्या बाजूचाच असतो.

प्रस्तुत लेखकाचे मत असे : शास्त्रीय लेखनात ‘सरफॅक्टंट’ हा शब्द जसाच्या तसा स्वीकारावा, आणि संमतिपत्रात त्याच्यासमवेत ‘फुप्फुसातील बारीक फुगे मिटू न देणारे औषध’ हे स्पष्टीकरण नित्य द्यावे. वाई येथे सिद्ध झालेल्या मराठी विश्वकोशाने परिभाषेची मोठी सोय केली. परंतु कोशाचा वाचक सवडीने वाचतो, बापाला सवड नसते.

एक गोष्ट मात्र कोणत्याही संज्ञेवर सोपवू नये. वापरात असलेली अनेक सरफॅक्टंट गाईच्या वा डुकराच्या फुप्फुसापासून होतात. ‘पृष्ठसक्रियक’ ते झाकतो, ‘सरफॅक्टंट’ही झाकतो. ते साध्या मराठीत, सहीपूर्वी, सांगितले गेले पाहिजे. त्यावाचून घेतलेली संमती भाषादृष्ट्या अपुरी होय.